गाठीतले दोन मोती

मोती उचलताना कुतुबुद्दीनभाईंची मान डावीकडे कलायची. फार नाही, दोन बोटं. गेल्या रमजानच्या आधी ती एक बोट कलायची आणि त्याच्याही आधी सरळ असायची, हे त्यांच्या मुलीला, मदिहाला, नीट आठवत होतं. चिमट्यात धरलेला मोती ते नाकासमोर आणायचे आणि मग मान कलवून त्याच्याकडे कडेनं बघायचे, लहान मूल दाराआडून पाहुण्याकडे बघतं तसं. बघणाऱ्याला वाटायचं, काय ही बारकाई. मदिहाला माहीत होतं की नाकासमोरचा मोती अब्बांना दिसतच नाही. कडेनं दिसतो, तोही जेमतेम.

सांगलीच्या सराफ बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पुढं दहा बाय बाराची खोली, मागं घर. दागिन्याचं सोनं सोनार घडवायचे. त्यातले मोती निवडून ओवून द्यायचं काम पटवेकऱ्यांचं, म्हणजे भाईंचं. खोलीला उत्तरेकडं एक खिडकी होती आणि मोती निवडायचे ते फक्त त्या खिडकीशी, सकाळी दहा ते साडेबारा. तिथं थेट ऊन येत नाही, म्हणून मोत्याचा खरा रंग कळतो. तेवढा वेळ दिवे बंद. ताटात पांढरं कापड, अंगात पांढरा सदरा. कारण मोती शेजारच्याचा रंग उचलतो, लालाजवळ लालसर होतो, हिरव्याजवळ हिरवट. गिऱ्हाईक रंगीत नेसून आलं तर भाई खुंटीवरचा धुतलेला पंचा त्याच्या हातात द्यायचे. "अंगावर घ्या. मोती लय लबाड असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पंधरा महिन्यांपूर्वी कराडच्या एका बाईंच्या बांगड्यांसाठी त्यांनी चाळीस मोती निवडले. ओवायला घेताना त्यातले तीन मदिहाला निळसर वाटले. तिला आधी स्वतःच्याच डोळ्यांची शंका आली. तिनं ते खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिले, आणि मग काही न बोलता बदलून टाकले. तेव्हापासून रोजचंच झालं. अब्बा निवडलेले मोती पितळी वाटीत ठेवून दुपारच्या, जोहरच्या नमाजला जायचे. येऊन जेवायचे, अर्धा तास पडायचे. तेवढ्या वेळात साडेबाराचा नियम मोडून मदिहा ती वाटी खिडकीशी नेऊन पुन्हा निवडायची. संध्याकाळी ओवलेल्या सरावर बोटं फिरवून अब्बा म्हणायचे, "जमलंय." पहिल्यांदा चाळीसात तीन बदलावे लागले होते. आता चाळीसातले पंचवीसही टिकत नव्हते.

घरात सगळ्यांना वाटत होतं की मोतीबिंदू आहे. "सारी उमर मोत्यांत गेली, दुसरं काय होणार?" असं म्हणून अम्मी, नूरजहांबी, हसल्या होत्या. अब्बाही हसले होते. मग शेजारपाजारच्यांनी आपापल्या वडलांचे डोळे आठवून सांगितलं की घाई करू नका, पिकू द्या, पिकल्यावर काढलेला चांगला. अब्बा म्हणाले, पिकू दे. मदिहाही म्हणाली, पिकू दे. ती बी.एस्सी. झालेली, भिंगांच्या आकृत्या तीन वर्षं पट्टीनं काढलेली, सात वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काम करून मग दुकानात ओवायला बसलेली. पण दुकान बंद ठेवायला नको, अब्बांना भीती वाटायला नको, म्हणून तिलाही ते सोयीचं वाटलं होतं.

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ते गेले ते एक महिन्यापूर्वी. तिथं अब्बांना चौकटी आखलेला एक कागद दाखवला. "मधल्या रेघा बुडाल्यात," अब्बा म्हणाले, जणू नदीला आलेल्या पाण्याबद्दल बोलत होते. नंतर डॉक्टरीणबाईंनी मदिहाला एकटीला आत बोलावलं. मोतीबिंदू आहे पण बारीक आहे, तो काढून काही साधणार नाही, असं त्यांनी सांगितलं. डोळ्याच्या पडद्यावर, बरोबर मध्यावर, दोन्हीकडं व्रण झालाय. वर्षा-दीड वर्षापूर्वी आला असतात तर इंजेक्शनं देऊन बघता आलं असतं. आता चालता-फिरता येईल, माणूस ओळखू येईल, पण बारीक काम नाही. रंगही हळूहळू जातील.

परतीच्या बसमध्ये अब्बांनी विचारलं होतं, "क्या बोले डाक्टर? पिक्या क्या?"

मदिहानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, अजून थोडं थांबू म्हणाले.

शुक्रवारी, जुम्म्याच्या नमाजनंतर सांगू, असं तिनं तेव्हा ठरवलं. चार शुक्रवार गेले. सांगायचं म्हणजे नुसतं डॉक्टरांचं सांगायचं नव्हतं. खिडकीशी आता तुम्ही बसू नका, हेही सांगायचं होतं. पंचेचाळीस-पन्नास वर्षं कराड, विटा, साताऱ्याची माणसं ज्या नजरेवर भरवसा ठेवून येत होती, ती नजर संपली, हे त्या माणसाला त्याच्या मुलीनं सांगायचं होतं. त्या खिडकीशी बसले की अब्बांची पाठ अजून ताठ होत होती. मदिहा रोज ती पाठ बघायची आणि सांगणं पुढं ढकलायची.

राहीबाई आल्या त्या गुरुवारी, अकराच्या सुमाराला. आधी त्यांचा आवाज आला. "स्टँडापासनं हितवर यवढं? मीटर म्हंजे काय नुसतं शोभेला लावलंय व्हय रं?" रिक्षावाला काहीतरी पुटपुटला, रिक्षा गेली, आणि राहीबाई पायरीवर चपला काढत म्हणाल्या, "आवं भाई, हाईसा न्हवं?"

कुतुबुद्दीनभाईंचा चेहरा उजळला. "मदिहा, दुसरं ताट काढून ठेव," ते हळूच म्हणाले. "राहीबाई आल्या."

राहीबाईंचं माहेर आष्ट्याचं, सासर साताऱ्याजवळचं. नवरा फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला. त्यांची स्वतःची नथ इथली, मुलीची नथ इथली, आणि आजवर पहिल्या ताटाला त्यांनी कधी हो म्हटलेलं नव्हतं. ह्यो चपटा हाय, ह्येला डाग हाय, ह्यो तर मेल्यागत दिसतोय. "चपटा तुमचा चष्मा आहे, राहीबाई," असं भाई म्हणायचे. मग तासभर वाद व्हायचा आणि दुसऱ्या ताटातले मोती पसंत पडायचे. कधीकधी ते पहिल्याच ताटातले असायचे, भाईंनी नुसती ताटं बदललेली असायची. तेही राहीबाईंना माहीत होतं.

त्यांनी हिरवी साडी नेसली होती. न सांगताच त्यांनी खुंटीवरचा पंचा अंगाभोवती घेतला, भाईंसमोर मांडी घालून बसल्या आणि पिशवीतून स्टीलची डबी काढली. डबीत नथ होती. सोनं चकचकीत होतं, खडे लाल-हिरवे जिथल्या तिथं होते. मोत्यांची मात्र रया गेली होती. पाच मोती, पाचही चुन्याच्या गोळ्यांसारखे, वरून खरबरीत. तारेवर दोन जागा रिकाम्या होत्या.

"विजयमालाची," राहीबाई म्हणाल्या.

विजयमाला त्यांची मुलगी. सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेली. आता तिच्या मुलीचं, राजनंदिनीचं, लग्न पुढच्या महिन्यात होतं.

"पोरगी म्हणती, आज्जे, मोबाईलवर मागवू नवी. मोबाईलवर काय, समदं मोती सारखंच दिसत्यात. म्या म्हटलं, तुज्या आईची हाय तीच घालायची." त्यांनी नथीकडं बघितलं. "ती गेल्यावर समदं दागिनं धुऊन लॉकरात ठिवलं हुतं. चिंच आन् लिंबू लावून, सोनं धुत्यात तसं. सोनं बघा कसं ऱ्हायलंय. आन् मोती ह्ये असं. भाई, माज्या हातनंच झालं न्हवं ह्ये?"

मदिहाला उत्तर ठाऊक होतं. मोती आणि खडू मुळात एकाच द्रव्याचे; आंबट लागलं की दोन्ही विरघळतात. शाळेत तिनं मुलांना खडूवर लिंबू पिळून दाखवलं होतं, मुलं फेस बघून टाळ्या वाजवायची.

"मोत्याला कशाकशानं होतं, राहीबाई," कुतुबुद्दीनभाई म्हणाले. "हवेनं होतं. नुसतं ठेवून दिलं तरी होतं."

राहीबाईंनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, त्यांनी असं म्हटलं म्हणून. मग कमरेचा रुमाल काढला. त्याच्या कोपऱ्याला गाठ होती आणि ती जुनी होती, नखानं सुटेना. मदिहानं सुईनं सैल करून दिली. आत दोन मोती होते, सायीच्या रंगाचे, पोटात किंचित गुलाबी.

"दवाखान्यात असताना तार ढिली हून पडलं हुतं. तिनंच गाठ मारून ठिवलं. आई, सांगलीला जाशील तवा भाईंकडनं बसवून आन, म्हनली." राहीबाईंनी रुमाल मांडीवर पसरला. "जानं झालंच न्हाई. रुमालात ऱ्हायलं म्हून ह्ये दोन वाचलं. पोरीच्या अंगाला आईचं यवढं तरी लागू द्या, भाई. बाकीचं पाच ह्येला जुळतं द्या."

भाईंनी दोन्ही मोती तळहातावर घेतले, बोटांत फिरवले. "माझ्याच हातचे आहेत," ते म्हणाले.

नवा सर असता तर चाललं असतं, सगळेच थोडे निळसर गेले असते तरी एकमेकांना धरून राहिले असते. इथं जुन्याला जुळवायचं होतं. "मावशी, नथ ठेवून जा ना," ती म्हणाली. "निवांत निवडून ओवते आणि परवा कुरिअरनं पाठवते."

"कुरिअरनं? लेकीची नथ?" राहीबाई म्हणाल्या. "न्हाई गं बाई. मी हितंच बसती. अडीचची गाडी हाय, तवर हुतंय की."

"होतंय," भाई म्हणाले. "बसा."

त्यांनी पुड्या सोडल्या. पितळी चाळणीतून मोती गाळून मापाचे वेगळे केले. त्याला त्यांना डोळे लागत नव्हते. ताट जरासं कलतं धरून एकेक मोती सोडला. सरळ घरंगळला तो गोल, वाकडा गेला तो बाजूला. त्याचा आवाजही ते ऐकत होते. हात इतके सरावाचे होते की बघणाऱ्याला वाटलं असतं, या माणसाला काय दिसत नसेल? मग त्यांनी चिमटा घेतला. मोती नाकासमोर आणला आणि मान डावीकडं कलवली.

पाच मोती निवडायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली. आतून नूरजहांबींनी चहा पाठवू का म्हणून विचारलं, तेव्हाही चिमटा थांबला नाही. शेवटी त्यांनी पांढऱ्या कापडावर सातांची ओळ मांडली, विजयमालाचे दोन मध्ये ठेवून, आणि ताट राहीबाईंकडं सरकवलं.

नव्या पाचांतले तीन निळसर होते, नीळ दिलेल्या धोतरासारखे. त्यांच्यामध्ये विजयमालाचे दोन मळके दिसत होते.

राहीबाई वाकल्या. त्यांचं बोट उठलं, थेट तिसऱ्या मोत्यावर गेलं, तोंड उघडलं. मग त्यांनी मान वर करून भाईंकडं पाहिलं. भाई मान कलवून बसले होते, ओठांवर बारीकसं हसू, टोमणा यायची वाट बघत. राहीबाईंनी मदिहाकडं पाहिलं. मदिहानं मान खाली घातली.

बोट मागं आलं.

"झ्याक हायती की," राहीबाई म्हणाल्या. "ओवा आता."

भाईंचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. त्यांनी चिमटा ताटाच्या कडेला ठेवला.

"राहीबाई, किती वर्षं येताय तुम्ही?"

"झाली की पंचेचाळीस."

"पंचेचाळीस वर्षांत पहिल्या ताटाला कधी हो म्हणालात?"

"आता वय झालं, भाई. भांडायला दम कुठं ऱ्हायलाय."

"आत्ता रिक्षावाल्याशी भांडलात. गल्लीनं ऐकलं."

राहीबाई पंच्याचा काठ ओढत राहिल्या.

"कितवा?" भाईंनी विचारलं. "मदिहा, तुला विचारतोय. कितवा?"

"तिसरा," मदिहा म्हणाली. "आणि पहिला. आणि सहावा."

भाईंनी त्या तिन्हींवर एकेकदा बोट ठेवलं. "गोल आहेत."

"गोल आहेत, अब्बा. मापालाही बरोबर आहेत. रंग नाही."

ते खिडकीकडं तोंड करून बसून राहिले. बाहेर समोरच्या भिंतीवर कबुतर बसलं होतं, ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे. मग ते म्हणाले, "पिकत नाहीये ना तो?"

"नाही."

"डॉक्टर काय म्हणाले होते? खरं सांग."

"नुसता मोतीबिंदू नाही तो. पडद्यावर व्रण आहे, मधोमध. लवकर आलो असतो तर..." ती थांबली.

"तर?"

"तर कदाचित वाढला नसता. आता इलाज नाही, अब्बा."

"पिकू दे, असं मीच म्हणालो होतो," भाई म्हणाले.

"मीही म्हणाले होते."

राहीबाईंनी डबीतली नथ उचलून हातात घेतली. त्या पाच पांढऱ्या गोळ्यांवरून त्यांचा अंगठा फिरला. "म्या चिंच लय जपून लावली हुती, भाई," त्या म्हणाल्या. "एकेका मोत्याला. कापसानं."

भाईंनी मान हलवली. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "आणि बाकीचे? कराडच्या बांगड्या? विट्याची चिंचपेटी? सगळं असंच गेलं माझ्या नावावर?"

"एकही नाही गेलं," मदिहा घाईनं म्हणाली. "तुम्ही नमाजला जायचात, तेव्हा मी वाटी पुन्हा निवडायचे."

"कधीपासून?"

"पंधरा महिने."

ते मनातल्या मनात काहीतरी मोजत राहिले. "म्हणजे इस्लामपूरच्या त्या बाई पेढे घेऊन आल्या होत्या. भाई, तुमच्यासारखी नजर नाही, म्हणाल्या होत्या. ते पेढे..."

"पेढे तुम्हीच खाल्ले, अब्बा."

राहीबाई हसल्या आणि लगेच पदर डोळ्यांना लावला. भाईंच्या तोंडावरही काहीतरी आलं, पण ते हसू होईपर्यंत टिकलं नाही. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा नीट पुसल्या, आणि परत डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला. मग गुडघ्यावर हात देऊन उठले. खिडकीच्या कट्ट्याला धरून, भिंतीला धरून ते खुंटीपर्यंत गेले. तिथला दुसरा पंचा काढला, झटकला, आणि मदिहापुढं धरला. ती होती त्याच्या थोडा डावीकडं.

मदिहानं त्या दिवशी लाल कुडता घातला होता.

तिनं पंचा घेतला. धुतलेल्या सुताचा आणि अम्मीच्या साबणाचा वास आला. तो गळ्यापर्यंत लपेटून ती खिडकीशी बसली. गादी अजून गरम होती. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती; वीस मिनिटांचा उजेड उरला होता. तिनं पहिला, तिसरा आणि सहावा मोती चिमट्यानं उचलून बाजूला ठेवला. विजयमालाचे दोन मोती लगेच स्वच्छ दिसायला लागले.

"नीट बघ गं पोरी," राहीबाई पुढं सरकून म्हणाल्या. त्यांनी आवाज कडक केला. "मी पहिल्या ताटाला हो म्हनत नसती."

अब्बा तिच्या मागं उभे होते. इतक्या वर्षांत ते या खोलीत या वेळी कधी उभे राहिले नव्हते, त्यामुळं हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नसावं. शेवटी त्यांनी एक हात तिच्या खांद्यावर ठेवला, पंच्यावर.

"आजच्यापुरतं बसतीयेस का?" त्यांनी विचारलं.

मदिहानं मोत्यावरची नजर काढली नाही.

"नाही, अब्बा," ती म्हणाली. "आजपासून मोती मीच निवडणार."